एकदाच भरायची कोठी: बदलबंदीच्या फँटसी बेसबॉल लीगमधला पहिला ड्राफ्ट

आमच्या आजोळी एप्रिल-मे महिन्यात वर्षाची बेगमी व्हायची. गहू, तांदूळ, डाळी, कुरडया, पापड, लोणचं. एकदा कोठी भरली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातच भागवायचं. न्यू जर्सीत आल्यावर ऑफिसातल्या मित्रांनी मला फँटसी बेसबॉलच्या ज्या लीगमध्ये ओढलं, ती नेमकी या जातीची निघाली. मोसम सुरू व्हायच्या आधी पाळीपाळीने पन्नास खेळाडू निवडायचे (हाच ड्राफ्ट; एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही) आणि सप्टेंबर संपेपर्यंत त्यातला एकही बदलायचा नाही. मोकळा खेळाडू उचलता येत नाही, कोणाशी अदलाबदल करता येत नाही. या प्रकाराला 'ड्राफ्ट अँड होल्ड' म्हणतात.

आयपीएलच्या फँटसीत टॉस झाल्यावर संघ बदलायची ज्यांना सवय आहे, त्यांना सुरुवातीला हे हातपाय बांधून पोहायला सोडल्यासारखं वाटतं. पण नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला हाच प्रकार परवडतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज. पुण्या-नाशिकात बसून खेळणाऱ्यासाठी तर न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना पहाटे साडेचारला सुरू होतो. रोज उठून बदल करत बसणं कोणाला जमणार? (भारतातून खेळत असाल तर फुकटच्या, मित्रमंडळींच्या लीगमध्येच खेळा. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आणली आहे.)

आधी नियमांचं पान वाचा, सगळं

मी इथे सगळ्यात रुळलेला साचा धरून चालतो: १५ संघ, ५० फेऱ्या, दहा विभाग. बॅटिंगचे पाच विभाग म्हणजे धावा, होम रन (आपला षटकार समजा), आरबीआय (बॅटरच्या खेळीमुळे संघाला मिळालेल्या धावा), स्टील (फटका नसताना पळून पुढचा बेस, म्हणजे धावेचा पुढचा टप्पा, गाठणं) आणि बॅटिंग ॲव्हरेज (बॅटिंगच्या किती संधींत हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, बसला त्याचं प्रमाण). पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, पाच म्हणजे विन (पिचरच्या नावे लागलेला विजय), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), सेव्ह (थोडक्या आघाडीचा सामना शेवटी येऊन राखणं), इआरए आणि व्हिप. इआरए म्हणजे पिचरने नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी किती धावा दिल्या (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून). व्हिप म्हणजे हिट आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) मिळून दर इनिंगला किती बॅटर बेसवर जाऊ दिले. या दोन विभागांत आकडा जितका कमी तितका चांगला.

प्रत्येक विभागात पहिल्या संघाला १५ गुण, शेवटच्याला १. म्हणजे सगळ्यात जास्त १५० गुण शक्य आहेत, आणि सरासरी संघाला ८० मिळतात. हा 'रोटिसरी' प्रकार. डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० साली तो सुरू केला आणि न्यूयॉर्कच्या ज्या उपाहारगृहात ते जमत, त्याचंच नाव त्याला चिकटलं.

पन्नासांपैकी २३ जण एका वेळी मैदानात असतात: १४ बॅटर आणि ९ पिचर. चौदांमध्ये दोन कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखे) आणि पाच आउटफिल्डर (लांबचे क्षेत्ररक्षक) लागतात. चारही इन्फिल्ड जागांना (फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप) एकेक, फर्स्ट किंवा थर्ड बेसवरचा एक जादा, सेकंड बेस किंवा शॉर्टस्टॉपवरचा एक जादा, आणि उरलेला एक कुठलाही. बाकीचे २७ बाकावर.

आता महत्त्वाचा प्रश्न: रोजचे २३ कोण निवडणार? काही लीगमध्ये तुम्ही स्वतः, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. काहींमध्ये संगणकच मागाहून बघतो की तुमच्यातल्या कोणी जास्त गुण केले आणि तेवढेच धरतो. याला 'बेस्ट बॉल' म्हणतात, आणि त्यात बहुधा रोटिसरीऐवजी थेट गुण असतात. या दोन्हींत खेळाडूची किंमत वेगळी ठरते. बेस्ट बॉलमध्ये एक आठवडा धुवाधार आणि तीन आठवडे शून्य असा लहरी बॅटर चालतो, कारण शून्याचे आठवडे आपोआप गळतात. रोटिसरीत त्याचे शून्याचे आठवडेही तुमच्याच खात्यावर पडतात. बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीचंही बघून ठेवा. काही ठिकाणी बॅटर ओहतानी आणि पिचर ओहतानी हे दोन वेगळे खेळाडू धरतात, काही ठिकाणी एकच. ड्राफ्टच्या मध्यावर हे कळलं तर वरातीमागून घोडं.

कोठीचं गणित

माझ्या मते नवख्या माणसाने नावांच्या याद्या पाठ करण्याआधी अर्धा तास हे गणित करावं. बाकीचं जवळजवळ सगळं यातून निघतं.

पंधरा संघ गुणिले पन्नास म्हणजे ७५० खेळाडू. मेजर लीगमध्ये, म्हणजे ज्या खऱ्या स्पर्धेवर हे सगळं चालतं तिच्यात, ३० संघ, प्रत्येकाच्या चालू यादीत २६ जण, म्हणजे ७८०. तुमची लीग जवळजवळ अख्खी मेजर लीग उचलून नेणार आहे. बाहेर काही उरत नाही.

आता जागेनुसार बघा. रोज खेळणारे बॅटर संघामागे नऊ, म्हणजे २७०. पंधरांत वाटले तर तुमच्या वाट्याला अठरा. सामन्याची सुरुवात करणारे ठरलेले स्टार्टर पिचर संघामागे पाच, एकूण १५०, वाट्याला दहा. सामना संपवायला येणारे क्लोजर फार तर ३०, वाट्याला दोन. मुख्य कॅचर ३०, वाट्याला दोन, आणि तुमच्या मैदानातल्या जागाही दोनच! म्हणजे कॅचर जखमी झाला की त्याच्या जागी येणारा हा कुठल्या तरी संघाचा दुसरा कॅचर असणार, आठवड्यात दोन दिवस खेळणारा.

माझ्या पहिल्या वर्षी मी दोनच कॅचर घेतले होते. 'बघू पुढे' म्हणून. मे महिन्यात एकाचा अंगठा मोडला आणि ती जागा कितीतरी आठवडे रिकामी राहिली. नेहमीच्या लीगमध्ये दुसऱ्या दिवशी कोणीतरी उचलता आला असता. इथे 'पुढे' नसतं.

म्हणून या ड्राफ्टमध्ये तुम्ही गुणवत्तेइतकेच खेळण्याचे दिवस विकत घेता. दोन बॅटर साधारण सारखे असतील तर ज्याची रोजची जागा पक्की आहे तो घ्या, दुसरा कितीही देखणा असला तरी.

ड्राफ्टच्या आधी करायचा तक्ता

फॅनग्राफ्स या वेबसाइटवर स्टीमर, झिप्स अशा नावांचे अंदाज फुकट मिळतात. येत्या मोसमात कोण किती खेळेल, किती होम रन मारेल याचं गणिती भाकीत. त्याच ठिकाणी 'रोस्टर रिसोर्स' या विभागात प्रत्येक संघाची संभाव्य बॅटिंग ऑर्डर, पिचरांची रांग आणि राखीव लोक दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे एडीपी, म्हणजे इतर ड्राफ्टमध्ये हा खेळाडू सरासरी कितव्या क्रमांकाला गेला. एडीपी बघताना तुमच्यासारख्याच बदलबंदीच्या लीगचा बघा. साध्या १२ संघांच्या लीगचा एडीपी इथे दिशाभूल करतो, विशेषतः कॅचर आणि क्लोजरच्या बाबतीत.

माझ्या तक्त्यात नाव, खेळायच्या जागा, एडीपी आणि अंदाजित प्लेट ॲपिअरन्स असतात. प्लेट ॲपिअरन्स म्हणजे मोसमात किती वेळा बॅट घेऊन उभा राहील. सहाशेच्या आसपास असेल तर तो पूर्णवेळ. बॅटिंग ऑर्डरमध्ये एक पायरी खाली गेलं की मोसमाला पंधरा-वीस संधी कमी होतात, म्हणून पहिला आणि सातवा बॅटर यात मोठा फरक पडतो. शेवटच्या रकान्यात मी त्या खेळाडूच्या जागेची खात्री लिहितो: पक्की, बरी, कच्ची. करार लांबचा आणि मोठा असेल तर संघ त्याला सहज बसवत नाही. उलट, जो तरुण मायनर लीगला (मेजर लीगच्या खालच्या, तयारीच्या स्पर्धेत) विनासायास परत पाठवता येतो, त्याची जागा कच्ची, चांगला खेळत असला तरीही.

एकापेक्षा जास्त जागी खेळायला पात्र असलेल्यांना तक्त्यात रंग द्या. कित्येक लीगमध्ये आदल्या वर्षी एखाद्या जागी २० सामने खेळलेले असले की तिथे लावता येतं. सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्ड असा त्रिवेणी खेळाडू म्हणजे एका बाकावर तीन राखीव बसवल्यासारखं.

साप ड्राफ्ट आणि तुमचा क्रमांक

निवड नागमोडी चालते. पहिल्या क्रमांकावर असाल तर तुमच्या निवडी १, ३०, ३१, ६०. पंधराव्यावर असाल तर १५, १६, ४५, ४६. आठव्यावर असाल तर ८, २३, ३८, ५३. टोकावर बसलेल्याला दोन निवडी लागोपाठ मिळतात, पण मधे २८ नावं उडून जातात. त्यामुळे टोकावर असताना हवा असलेला क्लोजर एडीपीच्या दहा-बारा जागा आधी उचलायला लाज बाळगू नका. परत वळण येईपर्यंत तो राहणार नाही. मध्यावर असाल तर तेवढी घाई लागत नाही.

पहिल्या दहा फेऱ्या

सुरुवातीला असे बॅटर घ्या जे होम रन आणि स्टील दोन्ही देतात. २०२३ पासून बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरने रनरला रोखायला किती वेळा थांबायचं यावर मर्यादा आली. मेजर लीगमधले एकूण स्टील एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. त्यामुळे स्टील पूर्वीइतके दुर्मिळ नाहीत. नुसता पळणारा, होम रन न मारणारा बॅटर लवकर घेण्यात आता शहाणपणा नाही.

दुखापत कोणालाच चुकत नाही. रोनाल्ड अकुन्याने २०२३ मध्ये ४१ होम रन आणि ७३ स्टील केले. साहजिकच २०२४ला तो बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला गेला, आणि २६ मे रोजी गुडघ्याने दगा दिला. ४९ सामन्यांवर मोसम संपला. ज्यांनी त्याला घेतलं त्यांची काही चूक नव्हती. चूक तेव्हा होते, जेव्हा माहीत असलेला जोखमीचा माल आपण एकावर एक रचतो. जेकब डीग्रोम २०२३ मध्ये सहा सामने सुरू करून शस्त्रक्रियेला गेला. स्पेन्सर स्ट्रायडर २०२३ला २८१ स्ट्राइकआउट घेऊन आला आणि २०२४ला दोन सामन्यांनंतर कोपराने बसला. पिचरांचं असंच असतं. कोपराचा लिगामेंट बदलला की वर्ष-दीड वर्ष गेलं समजा. म्हणून पहिल्या पाच फेऱ्यांत माझे निदान तीन बॅटर असतात, आणि पिचर एक, फार तर दोन.

पहिल्या दहा फेऱ्यांत निदान एक पक्का क्लोजर हवाच, जमलं तर दोन. इथे बदलबंदीचा फटका सगळ्यात जोरात बसतो. नेहमीच्या लीगमध्ये मोसमभर नवे क्लोजर तयार होतात आणि हुशार लोक ते फुकटात उचलतात. इथे तो बाजारच बंद.

एडविन डियाझची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२३च्या मोसमाआधी तो सगळ्यात महागड्या क्लोजरांपैकी एक होता. मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांच्या स्पर्धेतल्या सामन्यात त्याचं पोर्टो रिको जिंकलं, खेळाडू मैदानावर नाचले आणि त्या नाचात डियाझचा गुडघा गेला. अख्खं वर्ष गेलं. ज्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत ड्राफ्ट केला होता, त्यांच्या कोठीतला तो रांजण पहिल्या सामन्याआधीच फुटला. त्याच्या संघाचे, न्यूयॉर्क मेट्सचे, सेव्ह मग बऱ्याच अंशी डेव्हिड रॉबर्टसनकडे गेले. ज्याने त्याला आधीच शेवटच्या फेऱ्यांत घेऊन ठेवलं होतं त्याची चांदी झाली, ती जुलैअखेरपर्यंत. मग मेट्सने रॉबर्टसनलाच मायामीला देऊन टाकलं.

यावरून दोन गोष्टी. ड्राफ्ट जितका लवकर तितकी मागची फळी जाड हवी. आणि महागडा क्लोजर घेतलात तर त्याच्या मागे उभा असलेला माणूसही पुढे कधीतरी स्वस्तात घ्या.

जास्तीचं लोणचं घालता येत नाही

नेहमीच्या लीगमध्ये स्टील जास्त झाले तर ते देऊन जूनमध्ये पिचर आणता येतो. इथे जास्तीचं तसंच पडून राहतं. स्टीलमध्ये पहिल्या क्रमांकावर दोनच्या फरकाने आलात काय आणि ऐंशीच्या फरकाने आलात काय, गुण पंधराच. त्यामुळे विसाव्या फेरीच्या आसपास थांबून बेरीज करा. आत्तापर्यंतच्या माझ्या बॅटरांचे अंदाजित होम रन किती, स्टील किती, ॲव्हरेज किती. सगळ्या विभागांत सरासरी तिसरा क्रमांक आला तर १३० गुण होतात, आणि तेवढ्यात बहुतेक लीग जिंकता येते. एकही विभाग सोडून देऊ नका, असं नवख्यांना मी तरी सांगेन. सेव्ह सोडून द्यायचे आणि त्या निवडींनी बाकी नऊ मजबूत करायचे, ही चाल कागदावर छान दिसते. पण मग बाकी नऊमध्ये चुकायला जागा उरत नाही.

फेरी पंचवीस ते पन्नास: लीग इथे जिंकतात

पहिल्या पंधरा फेऱ्यांत सगळे शहाणे असतात. पुढे लोक कंटाळतात, हाताला येईल ते ओळखीचं नाव घेतात. तुम्ही जागे राहा.

माझी ढोबळ वाटणी अशी: २४ बॅटर, २६ पिचर. बॅटरांत चार कॅचर, बारा इन्फिल्डर, आठ आउटफिल्डर. पिचरांत अठरा स्टार्टर, आठ रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारे; क्लोजर यांतच). सगळ्यांनी अठरा-अठरा स्टार्टर घेतले तर २७० होतात, म्हणजे मेजर लीगच्या प्रत्येक संघाचे नऊ. तेव्हा तुमचे शेवटचे सहा-आठ जण हे संघाचे सहावे, सातवे पिचर असणार. ते निवडताना त्यांच्या स्वतःच्या आकड्यांपेक्षा पुढच्या पाचांकडे बघा. ज्या संघाच्या पहिल्या पाचांत दोघे म्हातारे आणि एक शस्त्रक्रियेतून परतलेला, त्या संघाचा सहावा पिचर मे महिन्यातच पाचवा होतो. डेन्व्हरचे पिचर मात्र फुकट मिळाले तरी नको. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि तुमचा इआरए त्याच्यामागे.

बॅटरांत, आलटूनपालटून खेळवले जाणारे बघा. बहुतेक पिचर उजव्या हाताचे असल्याने डावखुऱ्या अर्धवेळ बॅटरला उजव्या हाताच्या अर्धवेळ बॅटरपेक्षा बरेच जास्त सामने मिळतात. दुखापतीतून मे-जूनमध्ये परतणारे लोक या टप्प्यावर स्वस्त असतात. एक-दोन घ्या, पाच नको. बाकाची जागा खाणारा पाहुणा मर्यादेतच बरा.

आणि मायनर लीगमधली पोरं. २०२४ मध्ये पॉल स्कीन्स मोसमाच्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या संघात नव्हता. ११ मे रोजी आला, २३ सामने सुरू केले, इआरए १.९६. ज्यांनी त्याला बाकावर ठेवून सहा आठवडे वाट बघितली त्यांना खजिना मिळाला, आणि बाकीच्यांना तो मिळवायची सोयच नव्हती. त्याच वर्षी जॅक्सन हॉलिडेचा त्याहून मोठा गाजावाजा होता. एप्रिलमध्ये आला, ३४ वेळांत दोन हिट केले आणि परत पाठवला गेला. पोरांची किंमत त्यामुळे एवढीच: तीन घ्या, एक पिकला तरी बस. आणि गाजावाजा झालेला, एडीपीत वर चढलेला पोरगा दुसऱ्याला घेऊ द्या.

प्रत्यक्ष ड्राफ्टच्या दिवसांत

हे ड्राफ्ट बहुधा संथ असतात. एका निवडीला काही तास, अख्खा ड्राफ्ट आठवडे चालतो. रांगेत नेहमी पाच-सहा नावं लावून ठेवा, नाहीतर तुम्ही झोपलेले असताना यंत्र चौथा फर्स्ट बेसमन गळ्यात बांधेल. लागोपाठ चार कॅचर गेले की पाचव्याला घाम फुटतो आणि तो पुढचा कॅचर दोन फेऱ्या आधीच घेतो. तसं वाटलं तर तक्ता उघडा. त्याच दर्जाचे अजून तीन शिल्लक असतील तर चालू द्या त्यांची पळापळ. आणि तुमच्या दोन निवडींच्या मधे बसलेल्या संघांकडे बघा. त्या सगळ्यांचे क्लोजर घेऊन झाले असतील तर तुमचा क्लोजर एक फेरी थांबू शकतो.

मोसमात उरलेलं एकच काम

तुमची लीग बेस्ट बॉल नसेल तर आठवड्याचे २३ लावणं तुमच्या हातात आहे. कोणाचे या आठवड्यात सात सामने आहेत, कोणाचे पाच; कोणता पिचर दोनदा उतरणार; कोण जखमींच्या यादीत गेला. बॅटर त्या यादीत गेला की किमान दहा दिवस, पिचर गेला की पंधरा, म्हणजे त्याला न हलवता सोडलं तर आठवडाभराचं सगळं गेलं. भारतात असाल तर हे काम रविवारी रात्री उरकून टाकायचा मोह होईल. तसं करू नका. अमेरिकेतले रविवारचे शेवटचे सामने तुमच्याकडे सोमवारी सकाळी संपतात, आणि कोणाचा हॅमस्ट्रिंग ओढला गेला ही बातमी त्यानंतर येते. सोमवारी संध्याकाळी चहाच्या वेळी बसा. पहिला सामना सुरू व्हायला बहुधा तेव्हा अजून वेळ असतो.